गोरेवाड्याची फेरी, भाऊजींसह

आमच्या नागपूरची माणसं प्रवासाला निघाली की पचमढीला जातात, नाहीतर चिखलदऱ्याला. परत आली की महिनाभर तिथल्या धुक्याचं वर्णन ऐकावं लागतं. मी गेल्या पौषातल्या एका रविवारी सायकलनं गोरेवाड्याच्या तलावापर्यंत जाऊन आलो. चढ फारसा नाही, रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा रानातला, सकाळी निघालं की दुपारी जेवायला घरी. गुडघे दुखणाऱ्यांनीही खुशाल जावं इतकी सोपी फेरी आहे. आम्हाला परत यायला दिवेलागण झाली, पण त्यात रस्त्याचा काही दोष नव्हता.

बरोबर कोण होतं ते आधी सांगतो. माझी थोरली बहीण कुसुमताई आणि तिचे यजमान मधुकरराव, म्हणजे आमचे भाऊजी. हे दोघं पुलगावला राहतात. भाऊजी लग्नापासून आमच्यावर रुसलेले होते. कारण असं की लग्नात बाबांनी त्यांना सायकल भेट दिली आणि ती बावीस इंची निघाली. भाऊजी उंचीनं बेताचे. भर मांडवात कुणीतरी म्हणालं, "बरोब्बर मापाची आणली." झालं. भाऊजींनी ती सायकल तिथंच सोडली, पुलगावला जाऊन स्वतःच्या पैशानं चोवीस इंची घेतली, आणि पुढं दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

यंदा ते आले, आणि नेमकं यंदाच आमचं त्यांच्याकडं काम होतं. ताईला बी.एड. करायचं होतं. कॉलेज नागपूरला, म्हणजे येत्या पावसाळ्यापासून वर्षभर तिला माहेरी राहावं लागणार. भाऊजींना हे विचारायचं कुणी? ताईनं एकदा विचारलं होतं, तेव्हा ते "पाहू" म्हणून कूस बदलून झोपले होते. बाबांची हिंमत होईना. शेवटी बाबांनी मला मोरीपाशी गाठलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जवाईबापूले कुठंतरी मोकळ्या हवेत ने. खाऊ-पिऊ घाल. मन प्रसन्न दिसलं की विचारून टाक. घरात विचारलं अन् बिनसलं, तर ते जेवणावरून उठतीन."

मी रोज सायकलनं हिंगण्याच्या कारखान्यात जातो, त्यामुळं मला सायकलीशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी गोरेवाड्याची फेरी सुचवली. भाऊजी लगेच म्हणाले, "चोवीस इंची असंल तरच."

ताई मात्र एकदम कावरीबावरी झाली. "सायकलीनं काहून? टांग्यानं जाऊ ना गा," ती म्हणाली. भाऊजींनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं पुढं एवढंच म्हटलं, "मंग मीही येतो." शेजारच्या मास्तरणीबाईंची लेडीज सायकल तिनं मागून आणली. भाऊजींसाठी मी दुकानातून चोवीस इंची भाड्यानं आणली. आईनं झुणका, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि संत्री बांधून दिली. भाऊजी ओट्यावर उभे राहिले आणि तिथून थेट सीटवर बसले. मला वाटलं, काय ऐट आहे!

फुटाळा

पहिला मुक्काम फुटाळ्याच्या तलावावर. सकाळचं ऊन पाण्यावर पडलं होतं आणि धोबी कपडे दगडांवर आपटत होते. ताई आमच्या पुढं गेली, घाईनं उतरली, सायकल भिंतीला लावली आणि काठावरच्या दगडी कट्ट्याशी हात पुढं करून उभी राहिली. भाऊजी सावकाश कट्ट्याला लागून आले. ताईनं हँडल धरलं. भाऊजींनी एक पाय कट्ट्यावर ठेवला आणि पालखीतून उतरावं तसे उतरले.

मी बघतच राहिलो. आमच्याकडं बाबा सायकलवरून आले की आई खिडकीतूनच विचारते, "दळण आणलं का?" बाबा नाही म्हणाले तर त्यांना उतरूही देत नाही, तसंच परत पाठवते. आणि इथं बायको नवऱ्याच्या सायकलीचं हँडल धरते! पुलगाव-वर्धेकडची रीत असावी असं मला वाटलं. आपल्याकडं ही रीत का नाही, याचा मी चहा होईपर्यंत विचार करत होतो. माझं लग्न व्हायचं आहे.

निघताना भाऊजी पुन्हा कट्ट्यावरूनच सायकलवर बसले. त्यांची मर्जी चांगली दिसत होती. मी विषय काढणार होतो, पण ताईनं डोळ्यानं खुणावलं, आत्ता नको.

रान

सेमिनरी हिल्सची झाडी ओलांडून काटोल रोडला लागलो आणि थोड्या वेळानं रानवाटेला वळलो. इथून खरी मजा आहे. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मधूनमधून बोरीची झुडपं. सागाची वाळलेली पानं ताटाएवढी, चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखी वाजतात. वाटेवर लाल माती आणि गारगोट्या. एका झाडावर माकडांचं खानदान ऊन खात बसलं होतं. भाऊजींनी घंटी वाजवली तरी त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, याचं भाऊजींना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

अशा वेळी ताईच्या सायकलची चेन पडली. ती उतरली आणि एकदम ओरडली, "प्रभ्या, त्याईच्या मागं जा! धर त्याईले!"

"काहून? ते कुठं पळून राहिले?"

"जा म्हणतो ना!"

मी पायडल मारत भाऊजींना गाठलं. ते सरळ पुढं पाहत चालवत होते. थंडी असून त्यांच्या कपाळावर घाम होता.

"भाऊजी, थांबू जरा. ताईची चेन पडली."

"तू थांब," ते म्हणाले. "मी हळूहळू चालतो."

"अवो, पण ताई मागं राहिली ना."

"प्रभाकर," ते मान न वळवता म्हणाले, "इथं कुठं कट्टा आहे का?"

"कट्टा? रानात?"

"एखादा दगड? असा कमरेएवढा?"

आसपास होते ते दगड आवळ्याएवढे. मी तसं सांगितलं. भाऊजी अगदी हळू म्हणाले, "मले उतरता येत नाही."

मला वाटलं, पायात गोळा आला असेल. तसं काही नव्हतं. त्यांना सायकल चालवता येत होती, वळवता येत होती, उंचावरून चढताही येत होतं. उतरता तेवढं येत नव्हतं. चोवीस इंचीवरून त्यांचे पाय जमिनीला पोचत नसत. ब्रेक दाबला की सायकल थांबायची आणि थांबली की ते पडायचे. एकदा असेच पडून गळ्याचं हाड मोडलं होतं. आमच्याकडं मात्र जिन्यावरून पडल्याचं कळवलं होतं.

मग मला फुटाळ्याची ती रीत समजली आणि फार वाईट वाटलं.

"काही काळजी करू नका," मी म्हणालो. "मी पुढं होतो अन् तुमाले धरतो."

मी पुढं गेलो, सायकल बोरीत टाकली आणि ताईसारखे हात पसरून वाटेत उभा राहिलो. पण तिथं उतार होता. भाऊजी आणि चोवीस इंची सायकल दोन्ही मिळून माझ्याकडं येऊ लागले. भाऊजींचे डोळे मिटलेले होते. अगदी शेवटच्या क्षणी मी बाजूला झालो. कुणीही झाला असता.

मोहाचं झाड

उतार संपला तिथं एक शेत होतं आणि बांधापाशी सपाट जागेत मोठं मोहाचं झाड. झाडाखाली एक म्हातारा शेतकरी गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजत बसला होता. त्याचं नाव देवमन, हे पुढं कळलं. मी पोचलो तेव्हा भाऊजी झाडाभोवती गोल गोल फिरत होते. ताई येईपर्यंत एका जागी राहण्याचा हा त्यांचा उपाय होता, आणि वाईट नव्हता.

"या ना पाव्हणे, बसा! हुरडा खा!" देवमन म्हणाला.

"नाही, चालू द्या तुमचं," असं म्हणत भाऊजी झाडामागं गेले.

मी म्हातारबाबांना हाताशी घेऊन भाऊजींना धरणार होतो. पण पुढच्या फेरीत भाऊजी दात आवळून मला म्हणाले, "त्याले सांगू नको. खबरदार!" आणि पुन्हा झाडामागं गेले.

देवमन काही वेळ मान फिरवत त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मला विचारलं, "नवस हाय का?"

मला दुसरं काही सुचेना. "हो," मी म्हणालो.

देवमननं पायातल्या वहाणा काढल्या. डोक्याचा रुमाल नीट केला. "हे झाड माह्या आज्याच्या हातचं हाय बाप्पा. याच्यात देव हाय, हे आमाले कोणी सांगतलंच नाही." आणि त्यानं आधी झाडाला हात जोडले, मग भाऊजींना. भाऊजी समोर आले की तो त्यांच्या हातावर गरम हुरडा ठेवी. भाऊजींनी तो खाल्ला. एका हातानं हँडल सांभाळत, फुंकर घालत खाल्ला, आणि "छान आहे" असंही म्हणाले.

मलाही त्यानं पानावर हुरडा दिला. वर लसणाची चटणी. कोवळ्या ज्वारीची ती गोडी चिखलदऱ्याला मिळत नाही, हे मी कुठल्याही हॉटेलात सांगायला तयार आहे. मी खात होतो, भाऊजी फिरत होते, देवमन हात जोडून उभा होता. ताई आली असती तर सगळं नीट पार पडलं असतं.

पण आधी देवमनचं कुत्रं आलं. त्याला नवस वगैरे काही कळत नव्हतं. ते भाऊजींच्या पायजम्यामागं लागलं. भाऊजींनी पायडलचा वेग वाढवला, दोन फेऱ्या कुत्रं आणि भाऊजी यांच्यात कोण कुणाच्या मागं आहे हेच कळेना, आणि मग भाऊजी गोल सोडून सरळ सुटले. समोर शेताची उतरण होती आणि उतरणीच्या शेवटी, झाडांच्या पलीकडं, तलाव.

"ब्रेक लावा!" मी ओरडलो.

"दगडावर पडीन!" भाऊजी ओरडले. "पाण्यात पडलो तर लागणार नाही!"

"त्याईचा नवस फिटला वाटते," देवमन म्हणाला.

पाणी

गोरेवाड्याचा तलाव दुपारी पाहावा. पलीकडच्या काठाला जंगल पाण्यापर्यंत आलेलं असतं, पाण्यात त्याची सावली पडते आणि मधेच पाणकावळे पंख पसरून ओंडक्यावर बसलेले असतात. हे सगळं मी नंतर पाहिलं. तेव्हा मी फक्त भाऊजींकडं पाहत होतो.

काठाजवळ म्हशी पाण्यात शिरत होत्या. भाऊजींची सायकल पाण्यात घुसली, चाकं गाळात रुतली, सायकल कलली, आणि नेमक्या त्याच बाजूला एक मोठी म्हैस उभी होती. तिची पाठ बरोबर पुलगावच्या घराच्या ओट्याएवढी. भाऊजींना सवय होती. त्यांनी एक पाय म्हशीवर ठेवला आणि उतरले.

क्षणभर ते इतके समाधानी दिसले की मी टाळी वाजवणार होतो. मग म्हैस चालू लागली. भाऊजी धपकन तिच्या पाठीवर बसले. म्हैस त्यांना घेऊन खोल पाण्यात गेली आणि जिथं पाणी माणसाच्या गळ्याशी येईल अशा ठिकाणी निवांत खाली बसली. भाऊजी कमरेपर्यंत पाण्यात होते. दोन्ही हातांनी त्यांनी शिंगं धरली होती. खाली गाळ, आणि आम्हा दोघांनाही पोहता येत नाही.

काठावरच्या पळसाखालून एक बाई धावत आली. म्हशीची मालकीण, सगुणाबाई.

"कोण हाय गा तू? माह्या म्हशीवर काहून बसला?"

"मी बसलो नाही, ती बसली!" भाऊजी म्हणाले.

"उतर खाली!"

भाऊजींनी शिंगं आणखी घट्ट धरली. सगुणाबाई माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हैस आता उठत नाही. बसली म्हणजे बसली. ढेपीचा डबा वाजवला तरच येते." सरकीच्या पेंडीचा तो डबा तिच्या काखेतच होता. "वाजवा ना मग, मावशी," मी म्हणालो. "वाजवतो ना. पह्यले सांग, हा माणूस कोण हाय अन् सायकलीनं माह्या म्हशीकडं काहून येऊन राहिला?"

तेवढ्यात ताई आली. हात चेनच्या तेलानं काळे, पदर खोचलेला. तिनं काठाला पडलेली सायकल पाहिली, मग पाण्यात म्हशीवर बसलेला नवरा पाहिला. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लागलं का कुठं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग बरं."

मी सगुणाबाईला सगळं सांगून टाकलं. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही, आणि नवसापासून सुरुवात केली ती बी.एड.पर्यंत गेली. सगुणाबाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पाण्याकडं तोंड केलं आणि तलावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून गा, शिकू देत नाहीस तिले?"

"ही आमच्या घरची गोष्ट आहे!" भाऊजी म्हशीवरून म्हणाले.

"मंग घरी कर ना! माह्या म्हशीवर बसून काहून करतं? हो म्हण, तवाच डबा वाजवतो."

मला हा मार्ग चांगला वाटला. बाबांनी मोकळ्या हवेत विचारायला सांगितलं होतं, आणि हवा पुष्कळ मोकळी होती. पण ताई पुढं झाली.

"नको मावशी. आधी त्याईले बाहेर काढा. म्हशीवर बसून दिलेला होकार मले नाही पाहिजे. घरी जाऊन उलटला तर मी काय म्हशीले साक्षीला नेऊ?"

म्हशीनं कान हलवले. भाऊजी ताईकडं पाहत राहिले. मग, कुणी काही विचारलं नसताना, ते मोठ्यानं म्हणाले, "शिकायले मी कुठं नाही म्हणतो वं? तू वर्षभर इकडं राहिली, तर संध्याकाळी मले उतरवंल कोण?"

"सायकलीवरून?" सगुणाबाईनं विचारलं.

"हो."

सगुणाबाई हसता हसता खालीच बसली. डबा तिच्या हातून सुटून दगडावर आपटला, खणखण आवाज झाला, आणि म्हैस उठून थेट काठाकडं चालत आली. भाऊजी शिंगं धरून, मान ताठ ठेवून आले. काठावर पोचताच समोर एक सपाट दगड होता. ते नीट उतरले.

ताई हसली नाही. तिनं आपल्या पदरानं त्यांचं डोकं पुसलं. पदराला चेनचं तेल होतं, त्यामुळं भाऊजींचं कपाळ काळं झालं, पण कुणी सांगितलं नाही.

बांध

सगुणाबाईनं भाऊजींना घोंगडी दिली. आम्ही सगळे पळसाखाली जेवलो. आमच्या झुणक्याला तिनं आपल्याकडची हिरवी मिरची आणि दह्याच्या गाडग्याची जोड दिली. ते घट्ट दही मघाशी भाऊजींना पाठीवर बसवलेल्या त्याच म्हशीचं होतं. भाऊजींनी दोनदा मागून घेतलं.

जेवणानंतर ताई उठली. पाण्यातून काढलेली चोवीस इंची सायकल तिनं पुसली, लुगड्याचा काष्टा मारला आणि म्हणाली, "पाहा."

लहानपणी ती बाबांच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची शिकली, मग दांडीवरून, मग सीटवरून, हे मला माहीत होतं. भाऊजींना नव्हतं. पुलगावला गेल्यापासून आजवर ती सायकलवर बसलीच नव्हती, आणि आजची लेडीज सायकल तर बिनदांडीची. तलावाच्या बांधावरून ती थोडी लांब गेली, वळली, परत आली, वेग कमी केला, डाव्या पायडलवर उभी राहिली, उजवा पाय मागून फिरवला आणि चालता चालता जमिनीवर आली. सायकल तिच्याबरोबर चार पावलं चालली आणि थांबली.

भाऊजी घोंगडीत बसून पाहत होते. "तुले येत होतं," ते म्हणाले, "तर मले दोन वर्षं काहून नाही शिकवलं?"

"तुम्ही विचारलं कवा? आलात की घंटी वाजवता, मी येऊन धरतो. मले वाटलं, तुमाले तेच आवडते."

"आवडते," भाऊजी म्हणाले. मग घोंगडी बाजूला टाकून उठले. "पण सांग, कसं करायचं."

दुपारभर बांधावर ताई त्यांच्याबरोबर पळत होती. "पायडल खाली आणा! खाली! आता वजन डाव्या पायावर! पाय मागं टाका, भिऊ नका, मी हाय!" भाऊजी पडले. पुन्हा पडले. एकदा पाय फिरवला पण सायकल सोडायची विसरले आणि तिच्याबरोबर बांधावरून खाली गेले. सगुणाबाई आणि मी संत्री सोलत बसलो होतो. देवमन कुत्र्याला घेऊन आला, आणि नवस अजून चालू आहे असं समजून त्यानं लांबूनच हात जोडले.

ऊन कललं तेव्हा ते जमलं. भाऊजी आले, उभे राहिले, पाय फिरवला आणि जमिनीवर उतरले. सायकल हातात, दोन्ही पाय मातीवर. त्यांनी खाली आपल्या पायांकडं पाहिलं, मग ताईकडं.

"कधी सुरू होते तुझं कॉलेज?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात."

"फॉर्म भरून टाक. मी रविवारी रविवारी येत जाईन. स्टेशनवरून घरापर्यंत सायकलनं." आणि वर, "एक सांगतो. तू घरी परत आली की मात्र हँडल तूच धरायचं. मले येत असलं तरी."

ताई "पाहू" म्हणाली.

परत

परतीच्या वाटेबद्दल एवढंच सांगतो, की गोरेवाडा ते नागपूर हे अंतर नकाशात दिसतं त्याहून बरंच जास्त आहे. भाऊजी प्रत्येक मैलाच्या दगडापाशी उतरले. पुन्हा चढायला जिथं उंचवटा नव्हता तिथं मी सायकल धरली. प्रत्येक चहाच्या टपरीपाशी उतरले आणि चहा न पिता पुन्हा निघाले. एका अनोळखी माणसानं नुसतं समोरून येताना पाहिलं, तर त्याच्यासाठी उतरून त्याला नमस्कार केला. तो माणूस घाबरून आपली सायकल टाकून उतरला. फुटाळ्याला कट्ट्यासमोर ते उतरले, कट्ट्याला पाठ करून.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाबा फाटकात येरझाऱ्या घालत होते. इतका उशीर झाला म्हणजे भांडण झालं, जावई थेट स्टेशनवर गेले, अशी त्यांची खात्री झाली होती. मग आम्ही गल्लीत शिरलो. भाऊजींचे कपडे चिखलानं माखलेले, कपाळ काळं. ते घंटी वाजवत पुढं आले, फाटकाशी पाय फिरवून बाबांच्या पुढ्यात उतरले आणि त्यांच्याकडं पाहून उभे राहिले.

बाबांनी फाटक पुरतं उघडलं. "या, जवाईबापू," ते म्हणाले, आणि मला बाजूला ओढून कानात विचारलं, "हे असे काहून दिसून राहिले? अन् विचारलं का तू?"

"मी नाही विचारलं. पण ते हो म्हणाले."

"न विचारता कसे हो म्हणाले?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "आले का सगळे? मी आत होतो, काही दिसलंच नाही."

ते ऐकून भाऊजींनी सायकल वळवली, ओट्याला लावली, ओट्यावर चढून सीटवर बसले आणि गल्लीच्या टोकाकडं निघाले. जाता जाता मागं वळून म्हणाले, "आई, आता फाटकातच उभ्या राहा."